केळीच्या पानावरचा हॉगनोज

हॉगनोज घरी आल्यापासून मला स्वस्थ बसता येत नव्हतं. हातभर लांबीचा, नाकाचं टोक वर वळलेला हा बिनधोक परदेशी साप पुण्याची मैत्रीण देश सोडताना माझ्याकडे देऊन गेली होती. गेले काही आठवडे तो जेवत नव्हता. फ्रीजरमधला पांढरा उंदीर कोमट करून चिमट्याने पुढे धरला, की तोंड फिरवायचा. कॉलेजात प्रॅक्टिकल घेतानाही माझं लक्ष घरी, त्याच्या काचेच्या पेटीत.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आईने मासळी विकून मला शिकवलं. प्राणिशास्त्रच कशाला, असं कधी विचारलं नाही. उंदरांनाही तिने फ्रीजमध्ये जागा दिली. फक्त संकष्टीला उंदरांचा डबा फडक्यात गुंडाळायची.

त्या दुपारी तिचा फोन आला.

"अगो, तुझा साप गेला. पाणी बदलायला झाकण काढलं, तर मान ही अशी रुंद केलीन, फुसफुसला नि उताणा पडला. वास मारतोय."

"सोंग असेल गं. घेतात ते."

"जीभ लोंबतेय नि म्हणे सोंग! फणा काढलान म्हणजे नागच. घरात मेलेल्या नागाला अग्नी द्यायला नको? लाकडं रचल्येत मी."

फोन बंद झाला. नंतर तिने उचललाच नाही.

मी रिक्षा पकडली. हॉगनोज मेल्याचं सोंग घेतो, घाण वासही सोडतो, हे मी वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. आणि इतका उपाशी साप खरंच गेला असेल तर? नाक्यावर टेम्पो आडवा आला, तशी उतरून धावत सुटले.

अंगणात आंब्याची लाकडं, त्यावर तूप. शेजारी केळीच्या पानावर तो उताणा, पोटावर हळदकुंकू. आई काडेपेटी घेऊन उभी होती.

"तू सांभाळलंस, म्हणून थांबले. अग्नी तूच दे."

मी त्याला पोटावर वळवलं. काहीच नाही. मग तो सावकाश वळला आणि पुन्हा उताणा झाला. परत सरळ केला, परत उलटला.

आई बघतच राहिली. "सोंगाड्या! नि मी घरचं तूप ओतलं!"

त्याला पुसून पेटीत ठेवलं. उंदीर त्याने त्या दिवशीही घेतला नाही. आई पेटीजवळ घुटमळत होती.

"खराच गेला तर कळायचं कसं गो?"

"सरळ करायचा. परत उलटला, तर जिवंत."

तिने मान हलवली. काडेपेटी मात्र तिने अजून कमरेला खोचून ठेवली होती.