दोन नंबरची हवा

बाबांनी बँकेतून व्हीआरएस घेतली तेव्हा आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत अर्ध्या घरांतले बाबा घरी बसले होते. कोणी विमा विकायला लागला, कोणी बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायला. आमच्या बाबांना घरी बसवत नव्हतं आणि आईला त्यांचं घरी बसणं बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी शहराबाहेरच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजरी धरली. मी फ्रीगंजात कंप्यूटरचा कोर्स करून रिकामीच होते, तिथल्या शेठनी मलाही ठेवून घेतलं.

मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. बाहेर माळव्यातलं रणरणतं ऊन आणि आत दोन प्रचंड चेंबर, काळोखे आणि गार, छतापर्यंत पोती रचलेली. बटाटा श्वास घेतो हे मला तिथे कळलं. आपल्यासारखाच तो चांगली हवा ओढतो आणि खराब हवा सोडतो, आणि त्यातली काही पोती सडली तर बघायलाच नको. ती हवा दिसत नाही, नाकाला वासही फक्त बटाट्याचा येतो. आत गेलेल्या माणसाला आधी गरगरतं, मग तो खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. म्हणून जुनी पद्धत अशी होती की दार सताड उघडायचं, पंखे चालू ठेवायचे, बाहेर बिडी ओढत बसायचं आणि मगच आत जायचं.

शेठना हे दार उघडून बसणं सोसत नव्हतं, कारण तेवढ्यात सगळा गारवा बाहेर जायचा. म्हणून त्यांनी इंदूरहून एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने प्रत्येक चेंबरच्या बाहेर पत्र्याचा डबा बसवला. डब्यात हातरुमालाएवढी एक हिरवी पाटी होती आणि अख्खा कंप्यूटर त्या एका पाटीवरच होता. ती आतली हवा आणि तापमान मोजायची आणि वायरीतून ऑफिसात पाठवायची. आमच्या ऑफिसच्या कंप्यूटरला जुन्या तऱ्हेचं सीरियल पोर्ट एकच, त्यातही वजनकाटा लावलेला. मग ठेकेदाराने एक यूएसबी हब आणला, चार तोंडांचा, आणि दोन्ही चेंबरच्या वायरी सारख्याच दिसणाऱ्या दोन अडॅप्टरांमधून त्यात खुपसल्या. पडद्यावर दोन चौकोन आले, एक नंबर आणि दोन नंबर. हवा चांगली असली की हिरवा, खराब असली की लाल.

"बस, अब हरा देखो और अंदर जाओ," शेठ म्हणाले. त्या दिवसापासून बिडी ओढत थांबणं बंद झालं.

कंप्यूटरला अडॅप्टर ओळखू येत नव्हते, हबचं भोक तेवढं ओळखू यायचं. पहिल्या भोकात जे असेल ते एक नंबर, दुसऱ्यात असेल ते दोन नंबर. हे मला कोणी सांगितलं नाही. एकदा एक नंबरचं दार माल चढवायला उघडलं आणि पडद्यावर दोन नंबरचं तापमान चढायला लागलं, तेव्हा मी उठून बघितलं. अडॅप्टर अदलाबदल झाले होते. मी ते परत जागच्या जागी लावले. एरवी दोन्ही आकडे जवळपास सारखेच असायचे. ते कधीपासून उलटे होते कोणास ठाऊक.

आणि ते उलटे कोणी केले हे विचारायचीही गरज नव्हती. आमच्याकडे एकदा लाइट परत येताना झटका आला आणि नवाकोरा कलर टीव्ही जळला. तेव्हापासून लाइट गेली रे गेली की बाबा उठून सगळे प्लग काढत फिरायचे. फ्रिज, मिक्सर, अगदी बंद असलेली इस्त्रीसुद्धा. ऑफिसातही तेच. नुसता कंप्यूटरचा प्लग काढून त्यांचं समाधान व्हायचं नाही, हबमधलं एकेक अडॅप्टर उपटून टेबलावर ओळीने मांडायचे. त्या वर्षी तर लाइट असण्यापेक्षा नसायचीच जास्त.

"बाबा, त्या हबला हात लावू नका. माणूस मरेल कोणी."

"तू फालतूच घाबरून राहिली आहेस. मला लक्षात असतं न कुठलं कुठे होतं ते."

मी अडॅप्टरांवर कागदाचे नंबर चिकटवले. मे महिन्याच्या उकाड्यात डिंक सुकला आणि कागद गळून पडले. ठेकेदाराला फोन केला तर तो हसला. शेठना सांगितलं तर म्हणाले, "बेटी, तुम हो ना देखने के लिए." मी रोज आल्या आल्या आधी ती दोन भोकं तपासायची आणि दिवसभर बाबांवर पहारा ठेवायची. माझ्यासमोर ते हबला हात लावत नसत.

त्या दिवशी सकाळीच लाइट गेली. डिझेल वाचवायला जनरेटर फक्त एक नंबरच्या पंख्यांना दिलेला होता. दोन नंबर नुसतं बंद पडून होतं. लाइट येण्याचं काही लक्षण दिसेना, म्हणून मी टॉवर चौकात प्रिंटरची रिबन आणायला गेले. परत आले तेव्हा ऑफिसात पंखा फिरत होता, कंप्यूटर चालू होता आणि बाबा नव्हते. पडद्यावर एक नंबर लाल होता आणि दोन नंबर हिरवा.

सकाळपासून पंखे चालले ते एक नंबरचे. ते लाल आणि बंद पडलेलं हिरवं, असं कसं होईल?

बाहेर मिस्त्री भेटला, कूलिंगची मशिनं सांभाळायचा तो. म्हणाला, "बाबूजी मुझे डाँट रहे थे कि एक का पंखा कैसे रुका. मैंने कहा, रुका ही नहीं. माने नहीं. सैंपल लेने दो नंबर में गए हैं."

मी ओरडत धावले. दोन नंबरचं दार किलकिलं होतं आणि आत जमिनीवर टॉर्चचा उजेड पडलेला होता, न हलणारा. मी आत घुसणार तोच मिस्त्रीने मला दंडाला धरून मागे ओढलं. त्याने दार सताड उघडलं, छातीभर हवा भरून घेतली आणि एकटा आत गेला. बाबांना काखेत धरून फरफटत बाहेर आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि मिस्त्री गुडघ्यांवर बसून ओकत होता. मी बाबांना थोबाडीत मारत होते आणि रडत होते.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कंप्यूटर तर ठीक म्हणत होता न?" मला इतका राग आला की मी खोलीतून उठून गेले.

घरी बाबा जरा बरे झाले आणि निघाले परत कामावर. मीही बरोबर गेले, एकटं सोडवेना. शेठनी ठेकेदाराला बोलावून हबला पक्क्या रंगाने नंबर घातले होते. "अब कोई गड़बड़ नहीं," ते म्हणाले. दोन नंबरमधून सडलेली पोती काढायची होती, आधी कोणीतरी आत जाऊन बघायचं होतं. पडदा हिरवा होता. बाबांनी टॉर्च उचलली. माझं डोकंच फिरलं.

"आज मी जाते," मी म्हटलं आणि टॉर्च हिसकावून घेतली. "तुम्ही पडद्यासमोर बसा आणि मला सांगा, जा म्हणून."

मी दोन नंबरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. खिडकीतून बाबा दिसत होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग हबकडे, मग माझ्याकडे. नुसतं 'जा' म्हणायचं होतं. ते उठले आणि बाहेर आले. चेहरा दवाखान्यात होता तसा झाला होता.

"क्या हुआ, लाल है?" शेठनी विचारलं.

"हरा है," बाबा म्हणाले. "पर मेरी बेटी नहीं जाएगी. मैं भी नहीं."

त्यांनी माझ्या हातातली टॉर्च घेऊन खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि फाटकाकडे चालायला लागले. नोकरी सुटली याचं मला काहीच वाटत नव्हतं, नुसतं हायसं वाटत होतं. फाटकापाशी मी मागे वळून बघितलं. शेठ मिस्त्रीशी काहीतरी बोलत होते. मिस्त्रीने मान हलवली, वाकून टॉर्च उचलली आणि दार जेमतेम अंगापुरतं उघडलं.

"त्याला पण मुलगी आहे," बाबा म्हणाले आणि माझा हात सोडून परत धावले. मिस्त्री तोवर आत गेला होता.