आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही

ठरवूनही जी प्रकरणं विसरता येत नाहीत, त्यातलं हे एक. ना खून, ना दरोडा. लोणावळ्याजवळच्या ठाण्यात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं चालू होती आणि ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती.

लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीतली एक बाई तक्रार घेऊन आली. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणारी, यंदा सरपंचपदाला उभी. मावळातल्या गावांचं फोनवर एक पान होतं. कुणीही काहीही पाठवावं, नाव न देता ते तिथं झळकायचं. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं की, गेल्या अमावास्येला बाईनं देवळात देवीचा भंडारा उचलून निवडणुकीतून माघारीची शपथ घेतली आणि ती मोडली. भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडला, की आमच्याकडे माणूस माणसातून उठतो.

"साहेब, मी भंडाऱ्याला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "मत नका देऊ, पर देवीला फसवली म्हणू नका."

प्रकार अदखलपात्र, म्हणून न्यायालयाची परवानगी घेऊन तपास सुरू केला. खबऱ्यानं सांगितलं, पान चालवणारा मळवलीला एका बंगल्याची राखण करतो. त्याला बाईसमोरच बसवलं.

"साहेब, आमी कुणाच्याच बाजूचे न्हाई. दोन्ही पार्ट्यांचं टाकतो. हे काढलं तर मी मावशीचा माणूस ठरतो. मावशीनं बी लिवावं, ते बी टाकतो."

"मी नाव घालून लिवीन," बाई म्हणाली. "ह्ये लिवनाऱ्याचं नाव कुटं हाय?"

त्यानं मजकूर काढला नाही. सक्तीचा आदेश माझ्या हातात नव्हता. वरिष्ठांनीही बजावलं, निवडणुकीत पोलिसांनी तटस्थ राहायचं.

मी देवळाच्या गुरवाला गाठलं. तो म्हणाला, "त्या अमावास्येला आमाला सुतक व्हतं. भंडारा कुलपात. समद्या वाडीला ठावं हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला दोन्ही पार्ट्यांची घरं सारखीच, साहेब."

वाडीत राहणाऱ्याकडून ही चूक होणं शक्य नव्हतं. लिहिणारा वाडीचा, पण बाहेर राहणारा असणार. बाईचा चुलत दीर वराळ्याला राहून कंपनीत जायचा आणि विरोधी पॅनेलचा प्रचार करायचा. त्याला बोलावून चहा पाजला आणि विचारलं, भंडारा कुणी दिला तिला? गुरवानं, म्हणाला. सुतकात? त्याचा चेहरा उतरला.

"वैनी सरपंच झाल्यावर आमाला कोन इचारनार?" तो म्हणाला. "नाव द्यावं लागलं असतं तर लिवलं नसतं."

ही कबुली राखणदारानं पानावर टाकली. खाली जुना मजकूरही तसाच राहिला आणि वर ओळ होती, दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. पंचायतीतल्या इतर गावांनी हवं ते वाचलं. बाई पडली.

अशा पानांनी राजकारणात तटस्थ राहावं का, असं लोक मला विचारतात. उमेदवारांमध्ये जरूर राहावं. पण खोटं कळल्यावरही जो मध्येच उभा राहतो, त्याला तटस्थ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि असे लोक पानापुरतेच असते, तर मी एवढा निराश झालो नसतो.

निवडणुकीनंतर देवीच्या जत्रेच्या बंदोबस्तात ती दिसली. ओटी भरणाऱ्या बायकांच्या रांगेत तिच्या पुढेमागे जागा मोकळी होती. मला पाहून म्हणाली, "मी खोटी न्हाई, हे या समद्यांला ठावं हाय, साहेब. कुनी म्हनत न्हाई, एवढंच."