ओळखीचा आवाज

पाचूबंदरला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. वडिलांच्या मागे राहिलेली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार मी त्याच्याकडे नेली. मूळ इंजिनच नीट करावं, की नवं दणकट बसवावं, हे माझं ठरत नव्हतं. खरं तर मन नव्याकडेच ओढत होतं. मोबाइलवर नव्या इंजिनाचे फोटो दाखवले, पण त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

खोकत चालणाऱ्या इंजिनावर त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. मग प्रत्येक होडीवाल्याला विचारतो तेच मला विचारलं, "किती लांब जानार?"

मी गडबडलो. "लांब कुठे नाही. बाबा रविवारी आईला किल्ल्यापर्यंत फिरवून आणायचे."

"आई हाय ना?"

"आहे."

"मंग जोर कशाला पायजे? तिला आवाज वलखीचा पायजे."

त्याने जुनंच इंजिन खोलून नीट केलं.

आता रविवारी आमच्या एव्हरशाईन वसाहतीत बिल्डिंगखाली गाडी आणली की मी हॉर्न वाजवत नाही. आई पदर सारखा करत जिन्यात आलेली असते.