सत्काराच्या शाली आणि अंजनाच्या शेंगा

जळगाव जामोद, वैशाखातला रविवार.

गौरवग्रंथाच्या संपादकांची आधी क्षमा मागतो. डॉ. सुमनताई वानखडे यांच्या साठीनिमित्त लेख मागणारे आपले पत्र दिवाळीत आले होते. आपण आठवण करत राहिलात आणि मी गप्प राहिलो. वडनेर भोलजीच्या गायरानावर ताईंनी लावलेली अंजनाची रोपे जगतात की मरतात, हे ठरण्याआधी त्यांच्या कामाची स्तुती करणे मला पटेना. ताईंना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, साठी माझी आहे, रोपांची नाही. मी जगले ना? मग लिही की!"

ताईंची पहिली भेट इथेच, सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. मी नुकताच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो होतो. एका अंजनाखाली एक बाई जरीकाठाच्या शाली अंथरत होत्या. अंजनाची शेंग कागदासारखी हलकी, वारा सुटला की कुठल्या कुठे जाते. मी शालींकडे पाहतच राहिलो.

"सत्काराच्या आहेत," त्या म्हणाल्या. "या उन्हात अंगावर घेऊ का?"

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्यासोबत शेंगा वेचल्या. तेव्हापासून त्यांचा विद्यार्थी आहे.

ताई ठिकठिकाणच्या अंजनांची पाने आणून त्यांतला डीएनए वाचतात. कडक ऊन आणि कमी पाणी सोसण्याचे गुण कोणत्या झाडांत पिढीजात आहेत, याचा अंदाज बांधतात आणि पुढच्या, अधिक तापलेल्या काळासाठी त्यांचे बी निवडतात. हवामान इतक्या वेगाने बदलते आहे की जंगलाला आपले आपण सावरायला वेळ मिळणार नाही, ही त्यांची काळजी.

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी परत आली, त्या वर्षी ताई आमच्या घरी आल्या होत्या. ओसरीवर वडील अळीने खाल्लेल्या बोंडांतली किडकी कवडी आणि चांगला कापूस वेगळा करत बसले होते. मला वाटले, ताई आता अळीचे शास्त्र सांगतील. त्या मात्र पदर खोचून वडिलांशेजारी बसल्या आणि दुपारभर कवडी निवडत राहिल्या. वडील आजही विचारतात, "त्या बाई आल्या नाहीत काऊन बे इतक्यात?"

गायरान मिळवायला ताई ग्रामसभेत गेल्या, तेव्हा सुधाकरभाऊ या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, याच्यातबी बीटी घातलं का?"

"काही घातलं नाही, भाऊ. नुसतं वाचलं. रक्त तपासलं म्हणून माणूस बदलतो का?"

"मंग नंबर एकचंच बी लावा ना! बाकीचं कायले?"

ताईंनी उलट विचारले, "बीटीच्या पाकिटासोबत छोटी पुडी यायची. ती कुठं पेरली?"

सभा हसायला लागली. ती पुडी बिनबीटीच्या सरकीची. अळीच्या पुढच्या पिढ्यांना बीटी पचवायची सवय लागू नये म्हणून ती शेताच्या कडेने पेरायची असे. बहुतेकांनी पेरलीच नव्हती.

"माह्या बकऱ्याइनं खाल्ली!" रफिकभाई ओरडले. त्यांच्या बकऱ्या त्याच गायरानावर चरत.

"आता खाऊ देऊ नका," ताई म्हणाल्या. "लांबच्या उष्ण भागातलं निवडक बी लावूच, पण इथल्या साध्या झाडांचंही लावू. ती आपली छोटी पुडी. माझा अंदाज चुकला तर?"

रफिकभाईंनी अट घातली, "दोन उन्हाळे थांबतो. काड्याच राहिल्या तं बकऱ्या सोडतो."

पहिल्या उन्हाळ्यात खरेच काड्या राहिल्या. "मॅडम, काड्या मस्त उगवल्या हो!" असा फोन रफिकभाईंनी मुद्दाम केला. ताई आल्या, एक काडी मुळासकट उकरायला लावली. वर वीतभर वाळलेले, खाली हातापेक्षा लांब ओले मूळ. रफिकभाई ते बोटाने दाबून बघत राहिले. बकऱ्या सोडल्या नाहीत.

यंदा भर उन्हात रोपांना जोडपाने फुटली. गेल्या आठवड्यात गायरानावरच ग्रामसभा भरली. मुरमाड कोपऱ्यातली निवडक बियांची रोपे मात्र गेली होती. तिथे इथल्याच झाडांची तगली होती. मी ताईंच्या जागी असतो तर लोकांना आधी हिरव्या भागाकडे नेले असते. ताईंनी सगळ्यांना थेट त्या कोपऱ्यात नेले. "इथं माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या, "छोट्या पुडीनं वाचवलं." आणि लहान मुलीसारख्या खूश दिसत होत्या.

सभेने गायरान राखायचे ठरवले. सगळ्यांत मोठा होकार रफिकभाईंचा. "हाव, राहू द्या! अन् बी उरलं तं माह्या बांधाले द्या. छोटी पुडीबी."

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अंजन फार सावकाश वाढतो. गायरानावरच्या या झाडांच्या शेंगा ताईंनी स्वतः वेचाव्यात, इतके आयुष्य लाभो.

सत्कार समितीने आणलेली शाल समारंभापर्यंत माझ्याकडे ठेवली आहे. सकाळीच ताईंचा फोन आला होता, "सत्कार थांबेल, शेंगा थांबणार नाहीत."

उद्या: वारा सुटण्याआधी शाल घेऊन अंजनाखाली जाणे.