चादरीखालचे ठोके

आमच्या घरात भुतांना बंदी होती. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन वलगावला परतले, देव्हाऱ्यातल्या तसबिरी काढल्या आणि त्याच दमात आईला म्हणाले, "देवाइलेच रजा देल्ली, आता भुतं कायले पोसाचे?" तेव्हापासून मीठ-मोहरी ओवाळणं बंद, अमावस्येची भीती बंद. मी तेव्हा नागपूरला मेडिकलला होतो, मला तर हे सगळं आधीच पटलेलं. पुढं जन्मभर मी पेशंटच्या दंडावरचे ताईत बघून त्यांना टोमणे मारत आलो... बायको म्हणते, तुमच्या इंजेक्शनपेक्षा तुमचं बोलणं जास्त टोचतं. तर अशा माणसाचा हा अनुभव आहे. खरा मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

कुसुम माझी धाकटी बहीण. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता. गुडघे सुजले, मग उतरले, घरच्यांना वाटलं सुटलो. पण हा ताप जाताना हृदयाच्या झडपेवर वळ ठेवून जातो. झडप वर्षागणिक आकसत जाते, रक्ताला पुढं सरकायला वाट उरत नाही आणि ते फुप्फुसात तुंबतं. मी पहिल्यांदा स्टेथोस्कोप घेऊन सुट्टीला घरी आलो तेव्हा मिरवायला म्हणून तिच्या छातीला लावला, आणि मिरवणं तिथंच संपलं. नंतर प्रत्येक सुट्टीत मी तिचं हृदय ऐकायचो. ती कुरकुरायची, "थंडगार लागते ते", पण शहाण्यासारखी डाव्या कुशीवर वळायची, श्वास पूर्ण सोडायची आणि थांबायची. तसं थांबलं की ती बारीक घरघर नीट ऐकू येते. माझा कान तयार आहे असं पुढं चार लोक म्हणायला लागले, तो तिच्याच छातीवर तयार झाला होता.

तिचं लग्न बार्शीटाकळीच्या एका शाळामास्तरांशी झालं. माणूस गरीब स्वभावाचा, तिच्यावर जीव असलेला. लग्नानंतर मी दोघांना समोर बसवून सांगितलं, झडप उघडायचं ऑपरेशन मुंबईत व्हायला लागलं आहे, मी तिथं नंबर लावतो, तोवर मूल नको. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं आणि त्या चिंचोळ्या वाटेतून ते जाणार कसं? दोघांनीही माना हलवल्या.

चौसष्ट साली मला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयरोगाची फेलोशिप मिळाली. एम.डी. होऊन पुन्हा दोन वर्षं विद्यार्थीच. आई विचारायची, "अजून कितीक शिकतं रे?" आता तिला काय सांगणार! या शिक्षणात संशोधनही होतं. खेड्यापाड्यांतल्या शाळांमधून मुलांची हृदयं तपासायची आणि सांध्यांच्या तापानं किती झडपा खराब केल्या ते शोधायचं. आमच्या सरांनी त्यासाठी वऱ्हाड निवडलं, कारण मी इथला. सर पुण्याचे. आमच्या लोकांचं साधं बोलणं त्यांना भांडण वाटायचं, आणि मला मधे उभं राहून सांगावं लागायचं की सर, तो रागावला नाही, तो तुमची चौकशी करून राहिला आहे... थंडीच्या दिवसांत आमचा कँप अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात पडला.

सरांची शिकवायची एक रीत होती. ते म्हणत, डॉक्टर पेशंटचा चेहरा बघतो, मनात निदान करून टाकतो आणि मग कानाला तेच ऐकू येतं. म्हणून सर दवाखान्यातल्या एखाद्या पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत चादरीनं झाकत. फेलोनं पाठ फिरवून उभं राहायचं, नळ्या कानात घालायच्या आणि स्टेथोस्कोपचं तोंड सर स्वतः चादरीखाली सरकवत. बाई की बुवा, म्हातारा की पोरगा, काही कळू द्यायचं नाही. जे ऐकलं तेवढ्यावर बोलायचं.

त्या दिवशी सकाळी माझी पाळी होती. ऊन व्हरांड्यात आलेलं, बाजूला दोघं फेलो चहा पीत उभे. मी पाठ केली, नळ्या घातल्या, आणि पहिल्याच ठोक्याला त्या कानांत घट्ट दाबल्या.

पहिला आवाज टाळी मारल्यासारखा. दुसऱ्यामागून लगेच एक बारीक खट्ट. आणि मग ती घरघर, दूरच्या घरात जातं फिरावं तशी. आकसलेली झडप, यात शंकाच नाही. पण ताल तुटलेला होता. दोन ठोके घाईनं, मग एक उशिरा, मग तीन एकावर एक... कसला मेळ नव्हता. इतक्यात कोणी न सांगता पेशंटनं श्वास पूर्ण सोडला आणि थांबला. सरांनी नळीचं तोंड वर सरकवलं, तिथं मला एक मऊ, फुंकर घातल्यासारखा आवाज आला, न थांबणारा. तो मी आधी कधी ऐकला नव्हता, फक्त वाचला होता. पोट मोठं झालं की बाईच्या छातीतल्या रक्तवाहिन्या भरतात, तेव्हा तो येतो.

मी सगळं बोलून गेलो. बाई आहे, झडप अगदी अरुंद झालेली, ताल बिघडलेला, सहा-सात महिन्यांची गरोदर आहे, हिला आजच्या आज भरती करायला पाहिजे.

मागं कोणाचा तरी चहा सांडला. वळून बघतो तर सरांनी चादर बाजूला केलेली आणि खाटेवर पांढऱ्या मिशांचे एक मियाँजी, कापसाच्या जिनिंगमधले जुने चौकीदार. ते उठून बसले आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "सात म्हैने? डाक्टर साब, घर में मत बोलना."

व्हरांडा हसला, मीही हसलो. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला परत ऐकायला लावलं. आता मियाँजींच्या छातीत मियाँजींचंच हृदय होतं, दुसरी झडप गळणारी, ताल घड्याळासारखा. त्या घरघरीचा मागमूस नाही. सरांनी मला बाजूला नेऊन विचारलं, "कोणाचं हृदय ऐकलंस?"

मी सांगितलं, माझ्या बहिणीचं. पण ती गरोदर नाही आणि तिचा ताल कधी बिघडलेला नाही, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "हे काय आहे ते मला माहीत नाही. पण तुझा कान मला माहीत आहे. उद्या जाऊन तिला बघून ये. गरज असली तर तशीच मुंबईला घेऊन जा, मी बेड ठेवायला सांगतो. अशा अवस्थेतही झडप उघडता येते."

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोला आणि अकोल्याहून छोट्या गाडीनं बार्शीटाकळी. वाटेत मी स्वतःलाच शिव्या देत होतो की शिकला-सवरलेला माणूस तू, निघालास कुठं आणि कशापायी. कुसुमच्या दारात पोचलो तर ती अंगणात बाजेवर पाठीला उशा लावून बसलेली. ओठ निळसर. पोट दिसत होतं.

मला बघून तिला नवल वाटलं नाही. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "तुले सांगतलं असतं त तू म्हनला असता, पाडून टाक. म्हून नाई सांगतलं."

आणि मी तेच म्हटलं असतं. मास्तर खाली मान घालून उभे होते. मी रागावणार होतो, पण तिच्याकडं बघून राग कुठल्या कुठं गेला. मी तिचं हृदय ऐकलं. झडप अमरावतीला ऐकली तशीच, वरचा तो मऊ आवाजही तसाच. फक्त ताल नीट होता, एकसारखा. तेवढ्यानंच मला इतकं हायसं वाटलं की मी चहा मागितला. ताल नीट आहे म्हणजे वेळ आहे, असा मी हिशेब केला. तिला समजावलं, ऑपरेशन लगेच करून घेऊ.

तिनं एवढंच विचारलं, "लेकरू वाचन का?"

मी म्हटलं, दोघंही वाचाल. तेव्हा माझा त्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या छोट्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. अकोल्याहून संध्याकाळची मेल पकडायची होती. गाडीत ती खिडकीशी बसली होती, मास्तरांना डुलकी लागली होती. मी उगाच हसण्यावारी नेत तिला मियाँजींची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, त्याच सकाळी ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. एकदम छातीवर इथं थंडगार लागलं, मग वर इथं. तिनं बोटानं दोन्ही जागा दाखवल्या.

"मी म्हनलं, दादा ऐकून राहिला. थांबली मी, श्वास सोडून."

"भेव नाई वाटलं तुले?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझं मुंबईचं मराठी आपोआप गळून पडायचं.

"भेव कायचं? लय दिवस झाले, झोपली का जीव घुसमटे, उठून बसू बसू राहो. कोनाले सांगतलं नाई. यायले सांगतलं असतं त हे रडले असते." तिनं मास्तरांकडं पाहिलं. "त्या दिवशी वाटलं, आता मालूम झालं कोनाले तरी. मंग चांगलं वाटलं मले."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

अकोल्याच्या स्टेशनवर तिला वेटिंग रूममध्ये आरामखुर्चीत बसवलं. मेल यायला थोडा अवकाश होता. मास्तर संत्री आणायला गेले. तिनं एकदोनदा खोकून छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, धडधड होऊन राह्यली." मी नाडी धरली. दोन ठोके घाईनं, मग एक उशिरा, मग तीन एकावर एक...

स्टेथोस्कोप लावला. अमरावतीला चादरीखालून ऐकलं होतं ते हे. आता सगळं जुळलं होतं, काही म्हणता काही वेगळं नव्हतं.

मी जे शिकलो होतो ते सगळं केलं. बॅगेत होती ती इंजेक्शनं दिली. फुप्फुसाकडं रक्त कमी यावं म्हणून पट्ट्यांनी आळीपाळीनं हातपाय आवळले. स्टेशनमास्तरांनी सरकारी दवाखान्यात माणूस धाडला. तिच्या ओठांवर गुलाबी फेस आला. तिनं माझा शर्ट मुठीत धरला होता. मेल आली, तेव्हा ती होती. मेल सुटली, तेव्हा ती नव्हती.

मास्तर पायाशी बसले होते, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मी स्टेथोस्कोप तिच्या छातीवरून खाली पोटावर नेला. तिथं बाळाचे ठोके चालू होते. लहान, घाईचे. पोट उघडून बाळ काढायला खोलीत चाकू नव्हता, मदतीला कोणी नव्हतं, दवाखान्याची माणसं अजून रस्त्यात होती. मी ऐकत राहिलो. मी कानातून नळ्या काढत नाही म्हणून मास्तरांना वाटलं, ती अजून आहे. ते तिचे तळवे चोळत होते. ठोके हळू झाले, लांब लांब पडायला लागले आणि थांबले. तरी मी नळ्या काढल्या नाहीत. काढल्या की मला त्यांना सांगावं लागणार होतं.

कँप संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ताल कधी बिघडला ते दोनदा विचारून घेतलं आणि मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पुढं या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. फेलोशिप मी पुरी केली. आईनंच पाठवलं, नाहीतर मी परत गेलो नसतो. अकोल्यात दवाखाना टाकला आणि तिच्यासारख्या कितीतरी पोरींना वेळेत मुंबईला धाडलं. बहुतेक वाचल्या. त्यांच्या लेकरांच्या बारशाची आमंत्रणं यायची, मी जायचो, आणि घरी येऊन कोणाशी बोलायचो नाही.

मी स्वतःला खूप समजावून पाहिलं आहे. दिवाळीला ती माहेरी आली नव्हती, तेव्हाच मनात कुठंतरी शंका आली असेल. तिच्या काळजीनं कानाला भास झाला असेल. इथपर्यंत मी मान्य करतो, माझ्या पेशंटला मी हेच सांगितलं असतं. पण जो ताल तेव्हा बिघडलाच नव्हता, तो मी आधी कसा ऐकला? आणि बार्शीटाकळीच्या ओट्यावर ती श्वास सोडून कोणासाठी थांबली? बाबा असेपर्यंत मी त्यांना हे सांगितलंही नाही.

ते ऑपरेशन म्हणजे काय ते जाता जाता सांगतो. सर्जन हृदयाला बारीक छेद घेऊन आत आपलं बोट घालतो आणि चिकटलेली झडप नुसत्या बोटानं मोकळी करतो. एका रात्रीच्या प्रवासावर ते बोट तिच्यासाठी तयार होतं. मला कळवायचंच होतं तर महिनाभर आधी का नाही कळवलं, हा प्रश्न मी अजूनही विचारतो, आणि कोणाला विचारतो ते मला माहीत नाही. आमच्या घरात तर देव नाही, भूत नाही, कोणी ठेवलेलंच नाही विचारायला. डॉक्टर म्हणून मी कुसुमच्या काहीच कामी आलो नाही. कोणालातरी मालूम झालं म्हणून तिला चांगलं वाटलं, एवढंच ती सांगून गेली.