राईत लोखंड जात नाही

हे प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही. फौजदार म्हणून शिराळा भागात माझी पहिलीच नेमणूक होती. महायुद्ध चालू होतं, सरकारला लाकूड हवं होतं आणि डोंगरातलं राखीव जंगल तोडायचा ठेका शहरातल्या एका बड्या ठेकेदाराला मिळाला होता. गावोगाव भूमिगतांचं बळ वाढलेलं. पोलीस दिसला की लोक दारं लावून घेत, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

एके दिवशी सकाळी ठेकेदाराचा मुकादम ठाण्यात फिर्याद घेऊन आला. त्यांच्या तळावरून लाकूड कापायच्या मोठ्या करवती चोरीला गेल्या होत्या. चोर कोण, हेही त्याला ठाऊक होतं. वरच्या गावातला लष्करातून परतलेला एक जवान. "राईच्या हद्दीच्या दगडापाशी उभा होतो साहेब. तो देवळामागं पाल्याखाली करवती दडवत होता. या डोळ्यांनी बघितलं."

ही राई म्हणजे गावाच्या देवीचं रान, मधोमध तिचं देऊळ. वनखात्यानं जंगल राखीव केलं तेव्हा ती हद्दीबाहेर सोडली होती, त्यामुळे ठेकेदाराला तिथं हात लावायचा अधिकार नव्हता. पण डोंगरातली सगळ्यात जाड झाडं तिथंच होती. पंधरवड्यापूर्वी मुकादमाची माणसं तिथं शिरायला गेली, तेव्हा हाच जवान वाटेत आडवा उभा राहिला होता. हे मुकादमानं सांगितलं नाही. ते आमच्या जमादारानं मला हळूच सांगितलं.

जवानाला आणवलं. उंच, काटक गडी. करवती नेल्यास का, असं विचारलं तर म्हणाला, "न्हाई." मग कुणी नेल्या? "मला ठावं न्हाई. ठावं असतं तरी सांगितलं नसतं." जमादारानं हात उगारला. मी त्याला थांबवलं. मार खाल्लेला माणूस काहीही कबूल करतो, आणि मला काहीही नको होतं, खरं हवं होतं.

तेवढ्यात त्याची आई ठाण्यात शिरली. कमरेला कोयता खोचलेला. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "म्हातारे, कोयता भाईर ठेव."

"न्हाई ठेवत," ती म्हणाली. "तुमी माजं पोरगं आत ठेवलंय, म्या कोयता आत ठेवते." मग माझ्याकडे वळून, "फौजदार, माज्या पोराला जेलात घातलासा की हे लोक उद्या राईत शिरत्यात. त्याच्याबिगर त्यांच्या म्होरं कोण हुबं ऱ्हायाचं न्हाई. करवती कुटं गेल्या ते बगू नगा, राईत कोण शिरनार ते बगा."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

दुपारी पंचनाम्यासाठी निघालो. मुकादम, त्याचा लाकूड कापणारा एक करवत्या, हातकडी घातलेला जवान, गावातले दोन पंच, आम्ही पोलीस आणि मागून न बोलावता ती म्हातारी. राईच्या तोंडाशी एक शेंदूर लावलेला दगड होता. शेजारच्या झाडाला विळे आणि कुऱ्हाडी टांगलेल्या, खाली खिळ्यांच्या वहाणा. पंचांनी तिथंच वहाणा काढल्या. म्हातारीनं कोयता काढून फांदीला अडकवला आणि म्हणाली, "राईत लोखंड जात न्हाई. पट्टा काढा, फौजदार."

माझ्या पट्ट्याला लोखंडी बक्कल होतं. माझी माणसं माझ्याकडे बघत होती. वर्दीचा पट्टा एका म्हातारीच्या सांगण्यावरून उतरवायचा, हे त्या काळात सोपं नव्हतं. पण मी वडूजकडचा, मेंढपाळाच्या घरातला. देवाच्या रानात कसं शिरायचं, ते मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, घरात शिकवलं होतं. मी पट्टा काढला, खिळ्यांचे बूटही काढले. मुकादम मात्र हसला आणि खिळ्यांच्या वहाणा करकरवत आत गेला.

मी जवानाला म्हणालो, "चल, जागा दाखव."

तो हलला नाही. "हातात बेड्या हायत, सायेब. म्या न्हाई येनार आत. हितंच मारा हवं तर."

शिपायानं त्याला ढकललं. तो गुडघ्यावर पडला, पण दगडाच्या पलीकडे पाऊल टाकेना. मी त्या माणसाकडे बघत राहिलो. जो मनगटातली कडी आत न्यायला तयार नाही, तो खांद्यावरून करवती आत नेईल? एवढं मला कळलं. पण कोर्टात माझं कळणं चालत नाही, पुरावा लागतो. मी हातकडी काढायला सांगितली. जमादार कानात पुटपुटला, "साहेब, पळाला तर नोकरी जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे." तो पळाला नाही. अनवाणी, मान खाली घालून माझ्याबरोबर चालत आला.

मुकादम पुढे पोहोचला होता. न शोधता, न थबकता तो देवळामागं गेला आणि त्यानं पाला बाजूला सारला. करवती तिथं होत्या. त्या दिसताच दोन्ही पंचांनी कानाला हात लावले. मुलाच्या अटकेनं न डगमगलेली बाई तिथं रडली.

मी मुकादमाला परत दगडापाशी आणलं. "इथून बघितलंस ना? देऊळ दाखव."

दगडापासून वेलींच्या जाळीपलीकडे काहीच दिसत नव्हतं. दगडापाशी उभं राहून देवळामागचं दिसणं कुणालाही शक्य नव्हतं. करवत्याला मी बाजूला घेतलं, बिडी दिली आणि म्हणालो, "आता तू बोल. तो तुझ्यावर ढकलायच्या आत." बिडी संपायच्या आत त्यानं सांगून टाकलं. मुकादमाच्या हुकुमावरून त्यानंच करवती तिथं ठेवल्या होत्या. गावकऱ्याला अडकवायला परगावच्यांनी नेमकी तीच जागा निवडली, जिथं गावातला कुणी लोखंड नेणारच नाही.

मुद्देमाल बाहेर न्यायला गावातलं कुणी हात लावेना. मी तो मुकादमाच्या डोक्यावर दिला.

वरून निरोप आला. लाकूड लढाईचं काम आहे, जवानाला कोर्टात पाठवा. मी उत्तर दिलं की आरोपी पाठवतो, पण खोटी फिर्याद देणारा. तसंच केलं. ठेकेदाराची माणसं पुन्हा राईकडे फिरकली नाहीत. माझी मात्र महिनाभरात पूर्वेच्या कोरड्या मुलखात बदली झाली. माझा जन्मच त्या मुलखातला, तेव्हा ही शिक्षा होती की बक्षीस ते मला अजून कळलेलं नाही.

नोकरीत मी पुढे पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले. माणूस कुठल्या गोष्टीसाठी मार खायला तयार आहे ते आधी बघायचं, मग त्याची जबानी घ्यायची, ही सवय मला त्या दगडापाशी लागली. सरकारनं आखलेली हद्द सरकारचाच ठेकेदार मोडायला निघाला, तेव्हा अनवाणी माणसांनी आपली हद्द राखली. माझ्या मते कायदा त्या दिवशी त्यांच्या बाजूला होता आणि मीही.

ठाणं सोडायच्या दिवशी म्हातारी निरोपाला आली. तोच शिपाई दारात होता. या वेळी त्यानं तिला अडवलं नाही. तिनं पायरीशी कमरेचा कोयता काढला, भिंतीला टेकवून ठेवला आणि मग आत आली.

मी म्हणालो, "आज का ठेवलात बाहेर?"

"तुमी पट्टा काडला व्हता न्हवं," ती म्हणाली.