गुलाबी बगळे

पळसदेवच्या होडीवाल्यांनी मला भिंत रंगवायला दिली, त्या दिवशी घरी आल्या आल्या मी चहासुद्धा न घेता रंगाचे डबे हुडकायला बसले. भिंत म्हणजे काय, तर ते मासे धरायची जाळी ठेवतात त्या खोलीची धरणाच्या पाण्याकडची बाजू. थंडीत फ्लेमिंगो येतात, ते बघायला पुण्याकडची माणसं गाड्या करून येतात, होडीत बसतात. त्यांना लांबून दिसावं म्हणून भिंतीवर पक्षी पाहिजे होते.

खरं सांगते, मला कुणी शिकवलेलं नाही. इंदापुरात आमचं पाट्या रंगवायचं दुकान. आमचे हे अक्षराची रेघ ओढायचे, मी आत रंग भरायची. ते गेले आणि रेघही माझ्याकडं आली. मग फ्लेक्स आले, पाट्यांचं काम संपलं. माझ्याकडं राहिल्या उसाच्या ट्रॉल्या. कारखाना सुरू व्हायच्या आधी सणसरपासून कोऱ्हाळ्यापर्यंत किती ट्रॉल्यांवर मी वेल काढले, मोर काढले, आईवडिलांचे आशीर्वाद लिहिले. पण ट्रॉली ऊस भरून निघून जाते. भिंत जागची हलत नाही, येणारा-जाणारा थांबून बघतो. म्हणून तर मला त्या भिंतीचं एवढं अप्रूप.

आठ दिवस खपले. खाली पाणी, वर उडणारे सात पक्षी. सून रोज स्कूटीवरून सोडायची, ती म्हणाली, अम्मी, आजवरचं सगळ्यात चांगलं काम. मलाही तसंच वाटत होतं.

मग तात्या आले. होडीवाल्यांचा जो पुढारी, त्याचे हे चुलते. जन्म पाण्यावर गेलेला, बोलणं मोजकं. जाळं खांद्यावर घेऊन थांबले आणि तंबाखू मळून होईस्तोवर बघत राहिले.

"चाची, बगळं झ्याक काढल्यात," ते म्हणाले. "पर गुलाबी कशापायी केलं?"

मी म्हटलं, तात्या, फ्लेमिंगो आहेत ते.

"फ्लेमिंगो उडताना मान आखडून घेत न्हाय. बगळा घेतो."

एवढं बोलून ते गेले. मी शिडीवर तशीच उभी. मानेचा वाकडा आकडा केलेले माझे सातही पक्षी मला आता बगळेच दिसायला लागले. जन्मभर ट्रॅक्टरच्या मागं, पाटाच्या कडेला बगळेच बघितले होते, हाताला तेच ठाऊक. फ्लेमिंगो मी फोटोत बघितलेला, तोही पाण्यात उभा. इतकी वर्षं या पाण्याच्या काठानं राहिले, पण होडीत पाय ठेवला नव्हता. भीती, दुसरं काय.

पुढाऱ्याच्या कानावर गेलंच. तो बिचारा अवघडून बोलला. कॅमेरेवाली माणसं पक्ष्यांची पुस्तकं घेऊन येतात, ती हसतील, आणि त्यापेक्षा भिंतीवर फोटोचा मोठा फ्लेक्स लावलेला बरा, असं सगळ्यांचं ठरलं होतं. शनिवारी फ्लेक्सवाला माप घ्यायला येणार होता. त्या दिवशी मंगळवार. मी म्हटलं, शनिवारपर्यंत भिंत माझी आहे ना? तो म्हणाला, व्हय चाची, तवर तुमचीच.

सुनेनं मोबाइलवर उडणाऱ्या पक्ष्यांचा व्हिडिओ दाखवला. त्यात पक्षी मुंग्यांएवढे. शेवटी मी तात्यांना विचारलं, सकाळी मला नेता का?

बुधवारी फटफटताना होडीत बसले. बसले म्हणजे दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटले. काठावरून सून ओरडून सांगत होती, अम्मी, डोळे उघडा, नाहीतर घरीच झोपायचं होतं! बऱ्याच वेळानं तात्यांनी वल्हं थांबवलं, तेव्हा उघडले. समोर चिखलात शेदीडशे फ्लेमिंगो उभे, डोकी उलटी पाण्यात घालून चरत होते. गुलाबी कसले, पांढुरकेच दिसत होते. आम्ही बसून राहिलो. एकही उडाला नाही.

गुरुवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, तात्या, होडी जरा पुढं घ्या की, उडतील तरी.

"मी न्हाय उडवायचो," ते म्हणाले. "लांबनं आल्यात, खाऊ द्या त्यास्नी. उडायचं तवा उडत्याल."

मला राग आला. माझी भिंत जायची वेळ आली होती आणि ह्यांना पाखरांच्या जेवणाची काळजी. पण होडी त्यांची. त्या दुपारी मी सातही बगळ्यांवर पांढरा रंग मारून टाकला.

शुक्रवारी वरून मोठी घार फिरली आणि कडेचे काही पक्षी पाण्यावरून धावायला लागले. धावत धावतच उठले. मान पुढं सरळ, पाय मागं सरळ, मध्ये पंख, आणि पंखांच्या आत असा लाल रंग की मी फळी कधी सोडली मला कळलं नाही. कडा काळ्याभोर. वही पिशवीतच राहिली. नुसती बघत होते.

काठाला लागल्यावर तशीच भिंतीकडं गेले आणि निळ्या खडूनं काढायला लागले. सहा पक्षी जमले. सगळ्यात पुढचा जमेना. शनिवारी सकाळीही तोच काढत आणि पुसत होते, तेवढ्यात पुढारी आणि फ्लेक्सवाला आले. फ्लेक्सवाल्यानं टेप काढून एक टोक भिंतीला लावलं. तात्या जाळं नीट करत बसले होते, ते उठले. माझ्या हातातला खडू घेतला, शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि चोचीपासून पायापर्यंत एकच रेघ ओढली.

"म्होरला जरा खाली असतो," ते म्हणाले. "वारं तोच खातो."

मग बाकीचे होडीवाले जमले. एकाला काळी कड रुंद पाहिजे होती, दुसरा म्हणाला पाय आखूड झालेत, तिसऱ्यानं दुसऱ्याला विचारलं, तू कवा बघितलंस, तुझं ध्यान तर गिऱ्हाइकाकडं असतं. सगळे आपापल्या हातानं मान कशी ते दाखवायला लागले. फ्लेक्सवाला टेप धरून उभाच. पुढाऱ्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाला, "गुंडाळा ते. हितं काय जागा दिसत न्हाय."

तात्यांची रेघ थोडी थरथरलीय. मी ती सरळ केली नाही, तिच्यावरूनच रंग भरला. कॅमेरेवाले आता आधी त्या भिंतीचा फोटो काढतात आणि मग होडीत बसतात.

परवा पलीकडच्या काठाच्या होडीवाल्यांचा फोन आला. त्यांनाही भिंत रंगवायचीय. त्यांच्याकडं चक्रवाक जास्त येतात म्हणे. मला काही तो पक्षी ठाऊक नाही. मी विचारलं, होडी सकाळी किती वाजता सोडता?